चैतरामच्या गळ्यातलं दावं

रामपायली,
ता. ७ जुलै १९७४

चि. सरिता हिले रामपायलीहून आजीचे भरभरून आशीर्वाद. तुझं पाकीट पोचलं, इकडे आम्ही सारे सुखरूप, तिकडे तू जपून राहाजो.

तर सगळ्यात आधी आला तो खेमराज. पोस्टमन ओट्यावरून उतरला नाही तवरच हा हजर, म्हणे माझी चुन्याची डबी इथं राह्यली का. डबी त्याच्या कमरेले होती, मी पाह्यली, पण बोलली नाही. आपल्या समाजाचा म्होरक्या माणूस, त्याले काय लाजवायचं. त्याच्या मागून त्याची बायको रुख्माबाई. म्हणे यायले जेवाले बोलवाले आली, अन् स्वतःच पाट ओढून बसली. मंग शांताबाई, तिले तर निमित्त बी लागत नाही. नागपूरहून जाड पाकीट आलं म्हणजे सरिताचं लग्न जुळलं, असं ती चौकापासून सांगतच आलती. मी म्हटलं लग्न नाही व, खून आहे. तवा कुठं सारे नीट बसले.

वाचाले मले वेळ लागते, तुले मालूम आहे. तुझा बाप शाळेत जाये तवा त्याच्या पाटीवरून उचललं तेवढंच माझं शिक्षण. बोट ठेवून ठेवून वाचलं. का तुझ्या कालेजच्या सरानं हरेक पोट्ट्याले आपापल्या जिल्ह्यातला एक जुना खटला देला, इंग्रजाच्या राज्यातला, अन् सांगतलं का आजच्या कायद्यानं तो पुन्हा तपासा, आज बी तोच फैसला झाला असता का ते पाहा. अन् तुझ्या वाट्याले आला आपल्या गावचा चैतराम. एवढं वाचलं अन् खेमराजच्या बोटाले लावलेला चुना तसाच वाळला.

तू इचारलं का चैतराम माणूस कसा होता. मी त्याले पाह्यला नाही बाई. मालगुजाराच्या कारिंद्याचा, त्याची वसुली करणाऱ्या माणसाचा, खून झाला, त्यापायी चैतराम जन्मठेपेवर गेला, अन् त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी या घरात सून होऊन आली. ऐकलं ते सांगते. चंदन नदीच्या कडेले शेवटचं घर त्याचं. पुराच्या दिवसात लोकायचे लेकरं खांद्यावर बसवून पार करे. धानाच्या रोवणीत गाणं म्हणाले लागला का बायांचे हात थांबत अन् मालक त्यालेच शिव्या दे. राग एकच, धानात ढोर शिरलं का त्याचं डोकं फिरे. जेलातच मेला बिचारा.

त्याची पोरगी मैनाबाई तू पाह्यली आहे, जिच्या घरचं दही तू वाटी चाटून खाये तीच. तवा ती मायच्या कडेवर होती. माय लवकरच गेली, मामानं खैरलांजीले वाढवली, नवरा गेल्यावर बापाच्या घरी येऊन राह्यली. गाव तिच्याशी बोलते, दही घेते, सारं करते. पण पितरांच्या दिवसात घरोघरी मेलेल्यायच्या नावानं पान वाढतात ना, तिच्या घरी बापाचं पान मांडाले समाजाची मनाई आहे. त्या दिवशी तिच्या घरून धूर निघत नाही. दरसाल मी तिकडं पाहाचं टाळते.

सांजेले सगळे गेल्यावर तीच आली. ओट्यावर चढली नाही, अंगणातच उभी. म्हणे का तुमच्या नातीले कोर्टाचे कागद पाहाले भेटतात का. मी म्हटलं हौ, तुझा बाप निर्दोष होता का नाही तेच ते पाहून राह्यली. तर म्हणे ते मले मालूम आहे काकी. तिले एवढंच इचारा, माझ्या बापाच्या गळ्यातलं दावं कुठं आहे. बस, गेली. सरिता, एवढं एक पाहून लिह. तिनं जलमात मले दुसरं काही मांगतलं नाही.

रोवणीचे मजूर दारात उभे आहे, हात चिखलाचा आहे, कागदाले लागला तर माफ करजो. तुझ्यावर जीव आहे, तू बी आमच्यावर तसाच ठेवजो.

तुझी आजी,
गोदाबाई


नागपूर,
ता. १६ जुलै १९७४

ती. आजीस सरिताचा सा. न. वि. वि. मी इथे खुशाल आहे. तुझं पत्र खोलीतल्या मैत्रिणींना वाचून दाखवावं लागलं, आणि आता रोज कुणीतरी चुन्याची डबी शोधत माझ्या खाटेवर येऊन बसते. खेमराजआजोबांना सांग, त्यांची डबी नागपूरहूनसुद्धा दिसली.

निकालाचा कागद इंग्रजीत आहे. तुला सोपं करून सांगते. कारिंद्याचं प्रेत नदीच्या घाटावर सापडलं, गळा दोरीने आवळलेला. दुसऱ्या दिवशी दरोग्याला गावाबाहेरच्या आमराईत चैतराम दिसला. अंगावर नुसतं धोतर, गळ्यात जनावराचं दावं, धोतराच्या गाठीत थोडं धान्य, तांदूळ, लाखोळी, जवस, सगळं एकात एक मिसळलेलं. दरोग्याने विचारलं, तो बोलला नाही. मारलं असेल, ते निकालात नाही, तरी बोलला नाही. दरोग्याने ते दावं कापून काढलं आणि तेच खुनाचं हत्यार ठरलं.

पुढे कोर्टातही चैतरामने एक शब्द उच्चारला नाही. न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का म्हणून विचारलं, तेव्हा, निकालातलंच वाक्य देते, आरोपीने मान खाली घालून जनावरासारखा आवाज काढला व वेडाचे सोंग केले. डॉक्टरने तपासून सांगितलं की वेडा नाही. म्हणजे सोंगच, असं ठरलं. सरांनी हे वाक्य वाचलं तेव्हा वर्गात हशा झाला.

आता पुढचं ऐक, तुला आवडेल. आज हा खटला उभा राहिला तर एका दिवसात पडेल. आरोपी गप्प राहिला म्हणून तो दोषी, असं आता म्हणता येत नाही, घटनेनेच त्याला तो हक्क दिला आहे. त्याला सरकारने वकील दिला होता खरा, पण तो त्याच सकाळी नेमलेला, त्याला काही ठाऊक नव्हतं. यंदाच्या एप्रिलपासून जो नवा कायदा लागू झाला त्यात गरीब आरोपीला वकील देणं सरकारवर बंधनकारक आहे. खून करताना कुणी पाहिलेलं नाही. आणि तसलं दावं तर गावातल्या प्रत्येक गोठ्यात सापडेल. अजून एक गंमत. तेव्हा न्यायाधीशाच्या बाजूला त्या भागातले दोन वजनदार लोक मत द्यायला बसत, त्यांना असेसर म्हणत. या खटल्यात वारासिवनीकडचे दोघे होते. दोघांनीही चैतराम निर्दोष म्हणून सांगितलं. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हतं. का निर्दोष, हेही त्यांना कुणी विचारलं नाही.

पण एका ठिकाणी मी अडले आहे. कॉलेजात हा खटला आम्ही पुन्हा चालवणार आहोत. मी चैतरामची बाजू घेतली आहे आणि तेजराम नावाचा गोंदियाचा मुलगा सरकारची. तेजराम म्हणतो, स्वतःच्या गळ्यात माणूस दावं कशाला घालेल, फाशी घ्यायलाच ना. आणि खुनाच्या दुसऱ्या दिवशी फाशी घ्यावीशी कुणाला वाटेल, तर ज्याच्या मनाला खून खात असेल त्याला. सर म्हणाले की कायद्याने तू जिंकशील, पण तुझ्यावर विश्वास कुणी ठेवणार नाही.

मैनाबाईंनी विचारलेल्या दाव्याचं उत्तर निकालाच्या शेवटच्या ओळीत आहे. अपिलाची मुदत संपल्यावर दोरी नष्ट करावी, असा हुकूम आहे. जाळली असेल. हे त्यांना इतक्यात सांगू नकोस. त्यांचे वडील निर्दोष होते असं कागदावर आलं की खुनाचा डाग जाईल, मग समाज पान मांडू देईल ना? मला त्याचीच घाई लागली आहे.

बाबांना तिरोडीला वेगळं पत्र टाकलं आहे. तुझ्या मायेच्या ऊबेत असलेली,
सरिता


रामपायली,
ता. १९ ऑगस्ट १९७४

चि. सरिता हिले आजीचा आशीर्वाद, अन् तुझ्या खाटेवर बसणाऱ्या साऱ्या पोरीयले बी.

परवा पोळा झाला. आपल्या जोडीच्या शिंगायले मी लाल रंग लावाले सांगतला तर गड्यानं हिरवा लावला, म्हणे लाल संपला. अंबाडीचे नवे दावे वळून झाले. औंदा धोंड्याचा महिना आला म्हून तुझी आत्या जावयाले घेऊन येते म्हणते, त्याले अनारसे कराचे, गूळ मिळून नाही राह्यला. असं सारं चालू आहे, अन् त्यात तुझं पत्र मी महिनाभर उशाले घेऊन निजली. काय लिहावं ते सुधरे ना.

आधी कबूल करते, मैनाबाईले सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तू लिहताना इसरली. दावं जाळलं म्हटलं तवा ती गाईचं दूध काढत होती, काढत राह्यली. हंडी भरून वर वाहाले लागली तरी तिचं ध्यान नव्हतं.

आता तुझ्या त्या तेजरामले म्हणाव, बाबू, फाशी घ्याले दावं लागते तसं झाड बी लागते. आमराईत बसलेल्या माणसाले झाडाचा काय तोटा होता. अवो सरिता, त्याच्या हातून गाय गेलती. मी पहिल्या पत्रात लिहलं नाही, काहून का इथं ती सांगाची गोष्टच नाही, लहान लेकराले बी ठाऊक. तू तिरोडीले खदानीच्या क्वार्टरात वाढली, तुले कोण सांगन.

धानात गाय शिरली, यानं रागात लाकूड फेकून मारलं, ते नाजूक जागी लागलं अन् गाय तिथंच बसली ते उठली नाही. आपल्या समाजात असं झालं का म्होरके माणसं त्याच गाईचं दावं त्या माणसाच्या गळ्यात बांधत. मंग त्यानं गावाबाहेर राहायचं. माणसाची भाषा बोलायची नाही. भूक लागली का दारोदार जाऊन उभं राहायचं, मान खाली घालायची अन् गाईसारखं हंबरायचं. घरची बाई काही न बोलता मूठभर धान्य टाके, जे असन ते, कोणी तांदूळ, कोणी लाखोळी. त्याच्याशी कोणी बोलत नसे, त्याच्याबद्दल बी बोलत नसे, नाही तर पाप वाटून घेतल्यासारखं होये. दिवस भरले का ज्यायनं दावं बांधलं तेच येऊन सोडत, नदीत आंघोळ घालत, अन् माणूस पुन्हा माणसात. आता कोणी करत नाही हे. तवा होतं.

तर ते धान्य मिसळलेलं काहून होतं ते समजलं तुले. अन् कोर्टात तो सोंग नव्हता करत पोरी. त्याचं दावं दरोग्यानं कापलं, समाजानं सोडलं नव्हतं. म्हून त्याच्या लेखी त्याचे दिवस भरलेच नव्हते. साहेबानं त्याले इचारलं, अन् तो साहेबाच्या दारात उभा आहे असं समजून हंबरला. भीक मांगत होता तो. हे लिहता लिहता मी उठली अन् ढोरायले चारा टाकून आली, तो आधीच टाकलेला होता.

वारासिवनीच्या त्या दोघा जणायनं आवाज वळखला असन. शेतकरी असतीन ते.

आता तू इचारशीन का गावानं काहून सांगतलं नाही. दावं बांधणारे दोघं होते, एक खेमराजचा बाप अन् एक माझे सासरे, तुझा पणजोबा डोमाजी. अन् दरोग्यानं दावं कापलं त्या पंचनाम्यावर अंगठा बी डोमाजीचाच आहे, पाह्य, असन. सासरे सांगत का दरोगा हिंदू माणूस, त्याले दिसलंच असन म्हून बोलले नाही. पुढं कोर्टात बी गेलते, बैलगाडीनं बालाघाटले. तिथं इचारलं का हेच दावं याच्या गळ्यातून काढलं का. हे म्हणाले हौ. अजून काही इचारलं नाही. हे खाली उतरले, चैतरामच्या अंगावरूनच आले, त्यानं मान वर केली नाही अन् यायनं हाक मारली नाही. दोघं बी नेम पाळून राह्यले होते. सासरे मरेपर्यंत पोळ्याले नवं दावं हातात घेत नसत. कोणी इचारलं तर म्हणत, मले कोणी इचारलंच नाही.

अन् मैनाबाईचं पान खुनापायी अडलं नाही. तो खून त्यानं केला असं गावात कोणीच मानत नाही. गाईचं अडलं आहे. दावं समाजाच्या हातानं सुटलं नाही, म्हून प्रायश्चित्त अर्धं राह्यलं, म्हून तो पितरात नाही. म्हून ती दावं मांगते. तिले वाटे ते मिळालं तर कोणी तरी सोडन.

बहुत लिहलं. डोळ्याले पाणी येते ते चष्म्यापायी. तू रागावजो नोको कोणावर, अन् माझी याद काढत राहाजो.

तुझी आजी


नागपूर,
ता. १८ सप्टेंबर १९७४

ती. आजीस सरिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सरांना दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. तेजरामलाही दाखवलं. तो म्हणाला की त्याच्या आजोळी लांजीकडेसुद्धा असं होतं, लहानपणी कानावर आलं होतं, पण इंग्रजीतला कागद वाचताना ते आठवलंच नाही.

काल आमचा खटला झाला. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त जज बोलावले होते. मी कायद्याचं सगळं सांगितलं आणि मग तुझं पत्र जसंच्या तसं वाचलं, तुझ्या अनारशांसकट, कारण मधलं गाळायला मन होईना. जनावरासारख्या आवाजाच्या त्या वाक्यापाशी या वेळी वर्ग हसला नाही. तेजरामने उठून सांगितलं की सरकारला आता काही म्हणायचं नाही. चैतराम निर्दोष सुटला, आजी. टाळ्या वाजल्या आणि मला मात्र घरी जावंसं वाटत होतं.

जजसाहेब शेवटी जे बोलले ते तुला कळवते. ते म्हणाले, नव्या कायद्याने वकील दिला, गप्प राहण्याचा हक्क दिला, हे चांगलंच. पण या माणसाला आज नागपूरहून वकील दिला असता तरी त्याने ते हंबरणं ओळखलं असतं याची खात्री काय. त्या कोर्टात ते ओळखणारे दोनच जण होते आणि त्यांना कारण विचारायची पद्धत नव्हती. पुढे तर कायद्याने त्यांच्या खुर्च्याच काढल्या. एवढं बोलून ते समोरचा चहा तसाच ठेवून गेले.

आमच्या निकालाला सरकारदरबारी काडीची किंमत नाही, हे तुला सांगायला हवं. जुन्या कागदातला एक शब्दही त्याने बदलत नाही. तरी सर म्हणतात की तो मैनाबाईंना त्यांच्या गावात वाचून दाखवायचा. गांधी जयंतीच्या सुट्टीला सर, तेजराम आणि मी येतो. सर शाकाहारी आहेत, आणि तिखट झेपत नाही त्यांना, तेव्हा रस्सा जपून. खेमराजआजोबा त्या दिवशी गावात राहतील असं बघ. त्यांच्याशी बोलायचं आहे.

लोभाची सवय लावलीस, ती मोडू नकोस.
तुझी सरिता


रामपायली,
ता. ७ ऑक्टोबर १९७४

चि. सरिता हिले आजीचे आशीर्वाद. तुम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं.

तुझे सर चांगले आहे. तिखट नाही म्हणत म्हणत दोनदा रस्सा घेतला अन् कान लाल करून बसले. तेजरामनं मले वाकून नमस्कार केला तवापासून शांताबाई त्याचं गोत्र इचारून राह्यली. मी म्हटलं थांब, एक खटला तरी पुरा होऊ दे.

मंदिराच्या ओट्यावर सरानं वाचलं ते तू होतीच. पण तू सराकडं पाहत होती, मी मैनाबाईकडं. निर्दोष म्हटलं तवा तिनं फक्त पदर नीट केला. सरानं पुरं वाचल्यावर तिनं इचारलं का यात दावं सुटलं असं लिहलं आहे का, अन् सरानं खरं सांगतलं का तसं लिहाचा आम्हाले अधिकार नाही. मंग सारे खेमराजकडं पाहाले लागले. तो म्हणे कोर्टाचं कोर्टानं पाह्यलं, समाजाचं समाज पाहीन, धान कापून झालं का बसू. तुझा चेहरा असा उतरला होता का मले वाटलं आता ही भांडते. मोटारीजवळ सर मैनाबाईले म्हणाले का सर्वपित्रीले आम्ही पुन्हा येतो. ती म्हणे माझ्या घरी त्या दिवशी काही शिजत नाही गुरुजी, कायले येता. ते म्हणाले तरी येतो.

आता त्यानंतरचं. तुले राग येईन, पण पुरं वाच.

तुम्ही गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकून राह्यली होती. फाटकात मैनाबाई. केस मोकळे, पायात काही नाही, अन् गळ्यात दावं. तिच्या गाईचं, पोळ्याले वळलेलं नवं. मी म्हटलं काय व हे, अन् तिनं मान खाली घातली अन् हंबरली.

सरिता, चाळीस वरसं मी त्या आवाजाची गोष्ट ऐकत आली. तुले पत्रात लिहली बी. पण आवाज त्या दिवशी ऐकला. तो जनावरासारखा नाही बाई. जनावरासारखा करू पाहणाऱ्या माणसासारखा आहे. कान असलेल्या कोणाले बी समजलं असतं.

मी, जिले गप्प बसता येत नाही, ती गप्प बसली. सुपात तांदूळ आणले अन् तिच्या पदरात टाकले. ती पुढं गेली. पहिलं दार आपलंच घेतलं तिनं, काहून का बांधणारा हात या घरचा होता. मंग सारं गाव फिरली. खेमराजच्या दारात सगळ्यात जास्त वेळ उभी राह्यली. त्यानं आतून कडी लावली होती.

मंग ती गावाबाहेर आमराईत जाऊन बसली. म्होरक्यायचं चावडीवर सुरू झालं. कोणी म्हणे बाईनं असं करता येत नाही, कोणी म्हणे दुसऱ्याचं प्रायश्चित्त घेता येत नाही, कोणी म्हणे आता जमाना बदलला, हे सारं सोडून द्या. मी तिथं जाऊन म्हटलं का जमाना बदलला तर पान मांडू द्या, नसन बदलला तर दावं सोडा, दोन्हीपैकी एक तर करा. खेमराज म्हणे वहिनी, तुम्ही यात पडू नका. घरी रुख्माबाईनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. भांडली नाही, रडली नाही. ताट वाढे, पाणी ठेवे, तो इचारे मीठ कुठं आहे तर मिठाचा डबा उचलून समोर ठेवे. शांताबाई सांगते का तो माणूस त्या मुक्या घरात दोन दिवस बी टिकला नाही.

काल सकाळी तो एकटाच आमराईकडं निघाला. एकटा म्हणतो आपण, मागं सारं गाव होतं. तिच्यासमोर जाऊन उभा राह्यला. बोटायनं कितीक ओढली तरी गाठ सुटे ना. कोणी तरी विळा पुढं केला तर म्हणे नाही, एकदा कापलं तेवढं बस झालं. बसून, दातानं धरून सोडवली त्यानं गाठ. मंग म्हणे का माझ्या बापाले तोंड होतं. दरोग्याले एवढंच म्हणाचं होतं, साहेब जरा थांबा, आम्ही हे सोडतो, मंग न्या याले. तेवढ्यानंच दरोग्यानं इचारलं असतं का हे काय आहे.

मैनाबाईले आता बोलता येत होतं. तिनं इचारलं का हे कोणाच्या गळ्यातलं सोडलं. खेमराज म्हणे चैतरामच्या. तवा ती रडली. मी तिले पहिल्यांदा रडताना पाह्यलं. आम्ही बायकायनं तिले नदीवर नेऊन आंघोळ घातली. रुख्माबाईनं घरून लुगडं आणलं होतं, नवंच होतं, घडी मोडलेली नव्हती. वापस येताना ती खेमराजशी बोलली, म्हणे हळू चाला, आता कायची घाई. समाजाले जेवण द्याची रीत असते, तर खेमराजनं सांगतलं का हिच्याकडून काही घ्याचं नाही, ज्यानं त्यानं आपापलं आणाचं.

मले खुशी झाली अन् खुशीत बसून राह्यली तर वाईट वाटाले लागलं. एवढंच होतं ते. एक गाठ. सासरे असते तर त्यायनंच सोडली असती, मले त्यायची दातखीळ बसल्यासारखी चर्या आठवते. अन् तो बिचारा जेलात कोण्या कोपऱ्यात, कोणाच्या दारी हंबरला असन, कोणाले समजलं असन.

आता एक इचारते, पाहून सांग. पान मांडाचं म्हणजे मेलेल्या माणसाच्या आवडीचं काही पाह्यजे. मैनाबाईले मालूम नाही तिच्या बापाले काय आवडे. तिनं मले इचारलं, मी खेमराजले इचारलं, त्यानं म्हाताऱ्या महागूले इचारलं. गाणं कोणतं म्हणे ते आठवते, खांद्यावर कोणाकोणाले बसवून नेलं ते आठवते, खायाचं कोणालेच आठवत नाही. तुझ्या त्या निकालात एवढं सारं लिहलं आहे, त्याच्या धोतराच्या गाठीतलं धान्य बी लिहलं आहे, तर हे बी कुठं असन का ते एकडाव पाह्य.

नसन तर तिनं ठरवलं आहे. पदरात जे जमलं, तांदूळ, लाखोळी, जवस, कोणाच्या घरची डाळ, ते तिनं निवडलं नाही. तसंच गाडग्यात बांधून ठेवलं आहे. तेच शिजवीन म्हणते. त्याचं शेवटचं खाणं तेच होतं अन् ते बी दरोग्यानं खाऊ देलं नाही.

बाकी बरं आहे. तुझ्या आत्याचे अनारसे बिघडले, तेलात घातले अन् विरघळले, तिले बोलजो नोको. जीव लावत राहाजो.

तुझी आजी,
गोदाबाई

ता. क. सर्वपित्री मंगळवारी आहे, पंधरा तारखेले. तुझे सर तोच दिवस सांगून गेले आहे. मैनाबाईनं तुमच्यासाठी तीन पानं जास्तीचे तोडून ठेवते म्हून निरोप देला.